लूसी लेटबी: निकाल लागून गेला, मग लोकांचं मत दर सहा महिन्यांनी का पालटतं?

रातपाळी

नाव बहुतेकांना माहीत आहे, तरी थोडक्यात सांगते. लूसी लेटबी ही इंग्लंडमधल्या काउंटेस ऑफ चेस्टर हॉस्पिटलची नवजात शिशू विभागातली नर्स. जून २०१५ ते जून २०१६ या काळात त्या विभागात नेहमीपेक्षा जास्त बाळं दगावली. ऑक्टोबर २०२२ मध्ये मँचेस्टर क्राउन कोर्टात खटला सुरू झाला आणि ऑगस्ट २०२३ मध्ये सात बाळांचे खून आणि आणखी सहा बाळांच्या खुनाचे प्रयत्न यासाठी तिला दोषी ठरवलं. जुलै २०२४ मध्ये फेरखटल्यात आणखी एका प्रयत्नाची भर पडली. शिक्षा मरेपर्यंत तुरुंगवासाची, पॅरोल नाही.

मी इंग्लंडमध्येच नर्स आहे, पण मोठ्यांच्या वॉर्डात. निकाल लागला तेव्हा आमच्या स्टाफरूममध्ये "राक्षसीण" याखेरीज शब्द नव्हता. कोणी बाजूने बोललं असतं तर त्याच्याशी बोलणं टाकलं असतं. आता त्याच खुर्च्यांवर बसून तीच माणसं "बिचारीला अडकवलं" म्हणतात. मधल्या काळात पुरावा बदलला की फक्त वारं? आणि मी नर्स आहे म्हटल्यावर जो तो मलाच विचारतो, "तुला काय वाटतं, केलं असेल का तिने?" या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं?

उंटावरचा_शहाणा

रुमाल टाकून ठेवतो. हा धागा दोनशेच्या आत थांबत नाही.

सोनचाफा

वारं बदललं असं मला वाटतं. आधी सगळ्या वर्तमानपत्रांत तो पोलिसांनी काढलेला फोटो, आता मैत्रिणींबरोबर हसतानाचे फोटो. फोटो बदलला की मत बदलतं.

डॉ_खटपटे

फोटोंवरून मत बनवणाऱ्यांचं सोडून द्या. मी बालरोगतज्ज्ञ आहे, निवृत्त, आणि मला हा सगळा उलटा प्रवाह अस्वस्थ करतो. ज्युरीसमोर दहा महिने खटला चालला. ज्युरी वीसहून अधिक दिवस विचार करत होती. सरसकट सगळ्याला "दोषी" म्हणून मोकळी झाली नाही. दोन आरोपांतून तिला निर्दोष सोडलं, काही आरोपांवर एकमत झालं नाही असं सांगितलं. म्हणजे प्रत्येक बाळाचा वेगळा विचार झाला. मे २०२४ मध्ये तीन न्यायमूर्तींनी अपिलाची परवानगी नाकारली. एवढं सगळं झाल्यावर पॉडकास्ट ऐकून "मला काही पटत नाही बुवा" म्हणणारे लोक नक्की कशाच्या जोरावर म्हणतात?

इन्सुलिनचंच घ्या. शरीर स्वतः इन्सुलिन तयार करतं तेव्हा त्याच्या जोडीने सी-पेप्टाइड तयार होतं. बाहेरून टोचलेल्या इन्सुलिनबरोबर ते येत नाही. दोन बाळांच्या रक्तात इन्सुलिन प्रचंड आणि सी-पेप्टाइड नगण्य होतं. कोणीतरी इन्सुलिन दिलं हे साक्षीच्या पिंजऱ्यात लेटबीनेही मान्य केलं. फक्त "मी नाही" म्हणाली. मग उरलं कोण?

आकडेमोड

डॉक्टरसाहेब, "मग उरलं कोण" इथेच माझं तुमच्याशी जमत नाही. तपासणी बरोबर असेल तरच तो प्रश्न उभा राहतो. ज्या पद्धतीने ती चाचणी झाली तिच्यात इतर प्रथिनांमुळे आकडा फसवा येऊ शकतो, आणि बाहेरून दिलेलं इन्सुलिन सिद्ध करायचं तर दुसऱ्या प्रयोगशाळेत वेगळ्या पद्धतीने खात्री करायला हवी होती. ती झाली नाही, कारण दोन्ही बाळं सावरली आणि त्या अहवालाकडे तेव्हा कोणी लक्षच दिलं नाही. नर्सने साक्षीत "हो, दिलं असेल कोणीतरी" म्हटलं म्हणजे जैवरसायनशास्त्र सिद्ध झालं का? तिला त्यातलं काय कळणार?

आणि सरकारी पक्षाने दाखवलेला तो तक्ता, कुठल्या घटनेच्या वेळी कोण ड्युटीवर होतं याचा. घटना २५, नर्सेस ३८, आणि फुल्यांची अखंड रांग फक्त एकीच्या नावापुढे. बघताक्षणी अंगावर काटा येतो, मान्य. पण त्या २५ घटना कोणी निवडल्या, आणि निवडताना ड्युटीवर कोण होतं हे निवडणाऱ्याला माहीत होतं का, हा पहिला प्रश्न. ती नसताना दगावलेली बाळं त्या तक्त्यात नाहीतच. ब्रिटनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीने सप्टेंबर २०२२ मध्ये, खटला सुरू होण्याच्या जेमतेम आधी, अशाच प्रकारच्या खटल्यांवर अहवाल काढला होता. या प्रकरणावर नव्हे, एकूणच. वाचून घ्या.

बंडूनाना

मी एकदा सांख्यिकीत नापास झालो तेव्हाही ड्युटीवर तेच प्राध्यापक होते. आता कळलं कोणावर केस करायची ते.

आकडेमोड

नाना, दरवर्षी तेच असतील तर करा खुशाल. :)

पाणचक्की

मी नेदरलँड्समध्ये असते म्हणून लिहिते. इथे लुसिया द बर्क नावाची नर्स होती. २००३ मध्ये जन्मठेप झाली, अपिलात ती कायम राहिली. खटल्यात एक आकडा फिरत होता की तिच्या ड्युटीवर इतक्या घटना निव्वळ योगायोगाने घडण्याची शक्यता ३४ कोटी २० लाखांत एक. हा आकडा ऐकल्यावर कोण काय बोलणार? पुढे गणितज्ञांनी तोच हिशोब नीट मांडला तर शक्यता जेमतेम दोन आकडी संख्येत एक इतकी आली. आधी "नैसर्गिक" म्हणून नोंदलेले मृत्यू तिचं नाव आल्यावर "संशयास्पद" झाले होते. तिची डायरीही कोर्टात वाचली गेली, त्यातलं "एक गुपित", "एक ओढ" वगैरे. एप्रिल २०१० मध्ये ती निर्दोष सुटली. तोवर तुरुंगातच तिला पक्षाघाताचा झटका येऊन गेला होता.

तेव्हा इथेही सगळ्यांना खात्री होती. लुसियाच्या बाजूने पहिला आवाज उठवणारी एक डॉक्टर होती आणि तीही एका संबंधित डॉक्टरची नातलग. घरचीच बाई फितूर झाली म्हणून तिला काय काय ऐकावं लागलं असेल याची कल्पना करा.

डॉ_खटपटे

लुसियाचं प्रकरण मला माहीत आहे आणि ते भयंकरच होतं. पण एक निर्दोष निघाली म्हणून दुसरीही निर्दोष असं होत नाही. लेटबीच्या खटल्यात सरकारी पक्षाने असा कुठलाही "कोट्यवधींत एक" आकडा मांडलेला नाही.

आता दुसरी बाजूही लिहून ठेवतो. नील्स ह्योगेल, जर्मनी. ओल्डेनबुर्ग आणि डेलमेनहोर्स्ट इथला नर्स. रुग्णांना हृदय बंद पाडणारी औषधं द्यायचा आणि मग स्वतःच धावत जाऊन वाचवण्याचं शौर्य गाजवायचा. २०१९ मध्ये ८५ खुनांसाठी दोषी. पहिल्या रुग्णालयाला संशय आला होता, त्यांनी काय केलं? चांगलं प्रशस्तिपत्र देऊन वाटेला लावलं. अमेरिकेत चार्ल्स कलेन, तोही असाच एका रुग्णालयातून दुसऱ्यात, १६ वर्षं. "नर्स असं करूच शकत नाही" या श्रद्धेने किती माणसं मेली याचाही हिशोब मांडा, आकडेमोडशेठ.

आकडेमोड

तो मांडायलाच हवा, पूर्ण अनुमोदन. "नर्स असं करूच शकत नाही" असं मी म्हणतच नाहीये.

मृण्मयी_के

इतके दिवस वाचनमात्र होते, आज राहवलं नाही. मी नवजात शिशू विभागात काम करते. दोन गोष्टी सांगायच्या आहेत.

पहिली हॅंडओव्हर शीटची. तिच्या घरी २५७ हॅंडओव्हर शीट सापडल्या याचा फार गवगवा झाला. "आठवण म्हणून जपलेले" वगैरे. आता ही शीट म्हणजे काय ते सांगते. ड्युटी सुरू होताना हातात पडणारा एक कागद. कॉट नंबर, बाळाचं वजन, किती आठवड्यांचं, ऑक्सिजन किती, दूध किती मिली दर किती तासाने, कोणती लाइन कुठे. दिवसभर त्याच्यावरच खरडतो आपण. सॅच्युरेशन पडलं की वेळ त्यावर, डॉक्टरांनी तोंडी सांगितलं ते त्यावर. बारा तासांनी घडी घालून गणवेशाच्या खिशात जातो. नियमाने गोपनीय कचऱ्यात टाकायचा. प्रत्यक्षात पाय तुटत असतात, बस पकडायची असते, आणि कागद घरी येतो. वॉशिंग मशीनमधून लगदा होऊन निघालेले कितीतरी पाहिलेत. माझ्याकडे २५७ निघणार नाहीत. पण एकही निघणार नाही असं छातीठोक सांगणारी नर्स मला अजून भेटायची आहे.

दुसरी गोष्ट जरा वेगळी. हे सगळं असूनही ती निर्दोष आहे असं मी म्हणू शकत नाही. तिने पीडित कुटुंबांना फेसबुकवर शोधलं होतं हे वाचून मला कसंसंच झालं होतं. बाळ गेलं की आईबापांची आठवण येते, येतेच. पण शोधायला हात जात नाही माझा. कोणाचा जात असेलही. त्यावरून खून सिद्ध होत नाही हेही कळतं. बघा, दोन परिच्छेदांत मी दोन्हीकडे जाऊन आले.

सोनचाफा

मृण्मयीताई, फार छान लिहिलंत. तिच्या घरी सापडलेल्या त्या चिठ्ठीचं काय पण? "मी दुष्ट आहे, हे मी केलं" असं स्वतःच्या हाताने लिहिलेलं.

मृण्मयी_के

त्याच कागदपत्रांत "मी काहीही चुकीचं केलेलं नाही" असंही तिच्याच अक्षरात आहे. मथळ्यात कुठलं वाक्य छापायचं ते संपादक ठरवतो.

बिनखात्याचा_मंत्री

एका गोष्टीबद्दल कोणीच बोलत नाहीये म्हणून मी तोंड वाईट करून घेतो. मँचेस्टरजवळ स्टॉकपोर्टच्या स्टेपिंग हिल हॉस्पिटलमध्ये २०११ मध्ये सलाइनच्या पिशव्यांत इन्सुलिन मिसळलेलं सापडलं. आधी एका गोऱ्या तरुण नर्सला पकडलं, पेपरांनी तिला यमदूत करून टाकलं, काही आठवड्यांनी आरोप मागे घेतले. मग व्हिक्टोरिनो चुआ हा फिलिपिनो नर्स. मे २०१५ मध्ये दोन खुनांसाठी दोषी, किमान ३५ वर्षं. त्याच्याही घरी त्याच्याच हातचं पत्र सापडलं होतं, "माझ्या आत सैतान आहे" अशा अर्थाचं. त्याच्यासाठी कोणी मोर्चा काढला? उलट फिलिपिन्सहून आलेल्या नर्सेसच्या पदव्या खऱ्या की खोट्या याची चर्चा सुरू झाली.

चुआ निर्दोष होता असं म्हणत नाही. पण एकाच्या चिठ्ठीला कबुलीजबाब आणि दुसरीच्या चिठ्ठीला मानसिक ताण म्हणायला कातडीचा रंग आड येत नाही, असं कोणी मला पटवून द्या.

रातपाळी

मंत्रीसाहेब, चुआच्या निकालानंतरचे ते आठवडे मला आठवतात. आम्ही बाहेरून आलेल्या नर्सेस इन्सुलिन काढताना आपण होऊन दुसरीला हाक मारायचो, "बघ गं, इतकेच युनिट आहेत ना?" नियमात दोघींनी तपासणं होतंच, पण आवाज जरा मोठा लागायचा.

लेटबीनंतर तसं झालं नाही. गोऱ्या सहकारी आवाज चढवून बोलायला लागल्या नाहीत.

वाऱ्यावरची_गोष्ट

असहमत. लेटबीला सहानुभूती रंगामुळे मिळत नसून नवीन तज्ज्ञांमुळे मिळते आहे. २०२३ मध्ये तीही गोरीच होती आणि तेव्हा तिला कोणी वाली नव्हता.

बिनखात्याचा_मंत्री

२०२३ मध्येही "इतकी साधी, नीटनेटकी मुलगी असं कसं करेल" हे प्रत्येक बातमीत होतं. चुआबद्दल हा प्रश्न एकदाही वाचला नाही. असो, धाग्याचं रणांगण करत नाही.

उंटावरचा_शहाणा

करा की. पॉपकॉर्न आणलेत.

कोरी_पाटी

पॉपकॉर्न ठेवा बाजूला.

माझं बाळ २६ आठवड्यांचं जन्मलं. चेस्टरला नाही, दुसरीकडे, पण देश हाच. ७१० ग्रॅम. काचेच्या पेटीत हात घालायची दोन भोकं असतात, त्यातून एक बोट आत घालून बसायचं आणि ते बोट त्याने धरलं की दिवस चांगला. नाकावर श्वासाला मदत करणारं सीपॅप, पायाच्या पंजाला लाल दिवा. अलार्म वाजला की मी नर्सच्या तोंडाकडे बघायचे, मॉनिटरकडे नाही. ती शांत असेल तर मी श्वास घ्यायचे. इतका विश्वास मी नवऱ्यावरही कधी टाकला नसेल.

म्हणून २०२३ मध्ये निकाल ऐकून मी रात्रभर झोपले नाही, आणि आता "हे सगळं खोटं होतं" हे ऐकून परत झोप उडाली. त्या आयांचा विचार करा. आधी सांगितलं बाळ आजाराने गेलं. मग सांगितलं मारलं. आता प्रसिद्ध माणसं टीव्हीवर येऊन सांगतात, नाही, उपचारांत हयगय झाली. त्यांना दर वेळी पहिल्यापासून सुरुवात करायची. आणि आपण इथे तक्ते काढतो.

आकडेमोड

ताई, तुमचं वाचून थांबलो थोडा वेळ. पण तक्ता चुकीचा असेल तर त्या आयांनाही खोटंच सांगितलं गेलं असेल, म्हणून तो काढावा लागतो.

कोरी_पाटी

मान्य. फक्त आवाज खाली ठेवून काढा.

पाणचक्की

बाळ कसं आहे आता?

कोरी_पाटी

शाळेत जातं. ऐकत नाही. :)

वाऱ्यावरची_गोष्ट

मूळ प्रश्न होता की पुरावा बदलला की वारं. माझ्या मते तीन गोष्टी घडल्या.

एक, खटला चालू असताना ब्रिटनमध्ये न्यायालयाच्या अवमानाच्या कायद्यामुळे उलट बाजू छापताच येत नव्हती. मे २०२४ मध्ये एका अमेरिकी साप्ताहिकाने मोठा लेख छापला, तर फेरखटला बाकी होता म्हणून तो ब्रिटनमध्ये उघडतच नव्हता. माजी मंत्री डेव्हिड डेव्हिस यांनी संसदेत त्यावर प्रश्न विचारला, कारण तिथे बोलायला संरक्षण असतं. म्हणजे मत "बदललं" असं दिसतं त्यातलं बरंचसं आधी दाबून ठेवलेलं होतं. जुलै २०२४ मध्ये बंदी उठली आणि झाकण उडालं.

दोन, बचाव पक्षाने खटल्यात एकही वैद्यकीय तज्ज्ञ साक्षीला उभा केला नाही. तज्ज्ञ होते, अहवाल होते, पण साक्ष झाली ती खुद्द लेटबीची आणि एका प्लंबरची. विभागात सांडपाणी तुंबायचं हे सांगायला प्लंबर. का, ते वकिलांनाच ठाऊक. पण लोकांना ते खटकतं आणि खटकणारच.

तीन, नवजात शिशूंचे तज्ज्ञ डॉ. शू ली. शिरेत हवा गेल्यास त्वचेवर काय दिसतं यावर १९८९ मध्ये त्यांचा शोधनिबंध होता, सरकारी पक्षाने त्याचा आधार घेतला. तेच म्हणाले की माझ्या निबंधाचा अर्थ चुकीचा लावला. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यांनी १४ तज्ज्ञांचं मंडळ पत्रकारांसमोर बसवलं आणि सांगितलं की आम्हाला एकही खून दिसत नाही, नैसर्गिक कारणं आणि उपचारांतल्या त्रुटी दिसतात.

डॉ_खटपटे

तिसऱ्यात एक भर. डॉ. लींचं त्वचेबद्दलचं म्हणणं अपील न्यायालयाने २०२४ मध्ये ऐकलं होतं आणि त्याने निकालाला धक्का लागत नाही असं ठरवलं होतं. पत्रकार परिषदेत उलटतपासणी होत नाही. साक्षीच्या पिंजऱ्यात होते. ते १४ जण माझ्यापेक्षा शतपटीने मोठे आहेत, नम्रपणे सांगतो. पण सरकारी पक्षाच्या तज्ज्ञांना दिवसेंदिवस उलटे प्रश्न विचारले गेले, यांना अजून एकही नाही.

आणि ज्या डॉक्टरांनी आधी धोक्याची घंटा वाजवली त्यांचं काय झालं हे विसरू नका. त्याच रुग्णालयातले डॉ. ब्रीअरी, डॉ. जयराम आणि त्यांचे सहकारी महिनोन्महिने सांगत होते. व्यवस्थापनाने २०१७ मध्ये त्यांनाच लेटबीची लेखी माफी मागायला लावली. पोलिसांकडे प्रकरण गेलं त्यानंतर.

मृण्मयी_के

हे मात्र दोन्ही बाजूंना लागू आहे ना, डॉक्टर? ती दोषी असेल तर व्यवस्थापनाने वर्ष घालवलं. ती निर्दोष असेल तर विभागात माणसं कमी, आजारी बाळं जास्त, आणि हे कोणीच वेळेत पाहिलं नाही. जुलै २०१६ मध्ये लेटबीला तिथून हलवलं त्याच सुमारास विभागाचा दर्जाही खाली आणला, ३२ आठवड्यांच्या आतली बाळं घेणं बंद. त्यानंतर मृत्यू कमी झाले. कशामुळे कमी झाले? ती गेली म्हणून, की आजारी बाळं यायची थांबली म्हणून? दोन्ही बाजू हाच मुद्दा आपापल्या पुराव्यात घालतात. मजा आहे.

बंडूनाना

अवांतर: इंग्लंडमधला डॉक्टर हॅरल्ड शिपमन. त्याला पकडल्यावरही "आमचे डॉक्टर असं करणारच नाहीत" म्हणणारे पेशंट होते. १५ खून सिद्ध झाले, चौकशी आयोगाने २१५ मोजले. आणि पकडला कशामुळे? एका म्हातारीचं खोटं मृत्युपत्र केलं म्हणून, आणि तिची मुलगी नेमकी वकील निघाली. वकील नसती तर अजून दवाखाना चालू असता.

पाणचक्की

नाना, या वेळी अवांतर नाही. शिपमननंतरच तर इंग्लंडमध्ये प्रत्येक मृत्यूच्या दाखल्यावर स्वतंत्र डॉक्टरची नजर हवी अशी शिफारस झाली. ती सक्तीची व्हायला सप्टेंबर २०२४ उजाडला.

बंडूनाना

शिपमन २००० साली दोषी. म्हणजे २४ वर्षं. सरकारी कामाला घाई नको.

सोनचाफा

पण पुढे काय? सुटणार की नाही ती?

वाऱ्यावरची_गोष्ट

अर्ज सध्या फेरआढावा आयोगाकडे आहे, बर्मिंगहॅमला. हा आयोग सोडू शकत नाही, फक्त प्रकरण अपील न्यायालयाकडे परत पाठवू शकतो, तेही निकाल फिरण्याची खरी शक्यता वाटली तर. किती वेळ लागतो याचा अंदाज हवा असेल तर लीड्सचा नर्स कॉलिन नॉरिस बघा. तेही इन्सुलिनचंच प्रकरण. २००८ मध्ये दोषी, आयोगाने प्रकरण परत पाठवलं २०२१ मध्ये.

रातपाळी

सगळ्यांचे आभार, विशेषतः कोरी_पाटी आणि मृण्मयी.

काल परत एकाने विचारलं, केलं असेल का तिने. मी म्हटलं, इन्सुलिनच्या चाचणीची खात्री दुसऱ्या प्रयोगशाळेत झाली नव्हती आणि १४ तज्ज्ञांची उलटतपासणी झाली नाही, यातलं आधी कुठलं सांगू? तो म्हणाला, नको, एका शब्दात सांग. मग मी चहा घेऊन वॉर्डात गेले.

डॉ_खटपटे

उत्तम उत्तर. मी असतो तर "हो" म्हणालो असतो.

आकडेमोड

आणि मी "माहीत नाही". या धाग्याचं एवढंच फलित असेल तर नाना, तुम्ही काय म्हणाला असता?

बंडूनाना

मी विचारलं असतं, चहा एकटीनेच घेतलास का?